रंगाआधी नोंद

जुन्या पायमशीनच्या दुरुस्तीत पहिला हात पान्याला लागावा की टिपणवहीला, या प्रश्नाचे उत्तर या व्यवसायात अजूनही बहुधा पान्याच्या बाजूने दिले जाते. यंत्राचे मुंडके खोलले जाते, बिडाचा सांगाडा घासून त्यावर नवा काळा रंग चढवला जातो आणि मग मालक विचारतो, की हे यंत्र कोणत्या सालचे; तोवर ज्या खुणांवरून साल सांगता आले असते, त्यांतील बऱ्याच पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून कालनिश्चिती हेच जतनाचे पहिले काम मानले पाहिजे.

सिंगरच्या यंत्राचा क्रमांक पाट्यावर, म्हणजे ज्या सपाट भागावरून कापड सरकते त्यावर, उजव्या अंगाला ठोकलेला असतो. १९०० पूर्वीच्या यंत्रांवर नुसते आकडे आढळतात, पुढे त्यांच्याआधी कारखान्याचे निदर्शक अक्षर आले. ‘जी’ हे अक्षर अमेरिकेतील एलिझाबेथपोर्टच्या कारखान्याचे असून त्याचा काळ १९१० ते १९२४ असा आहे, तर ‘वाय’ हे स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे आणि मुख्यतः १९२० च्या दशकातले. मात्र क्रमांकावरून साल सांगणाऱ्या कंपनीच्या यादीतील तारीख ही क्रमांकांचा तो गट नेमून दिल्याची असते. यंत्र प्रत्यक्ष घडले, जहाजाने हिंदुस्थानात पोहोचले आणि विकले गेले, या घटना त्यानंतरच्या. सरकत्या झाकणपट्टीवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असल्यास शेवटची तारीख एवढेच सांगते, की ती पट्टी त्याआधीची असू शकत नाही. धोट्याचा आकारही मर्यादितच साक्ष देतो: होडीसारखा लांबट, झुलता धोटा असलेली २७ व २८ क्रमांकांची घडण आणि गोल बॉबिनची १५ क्रमांकाची घडण या दोन्ही अनेक दशके शेजारी शेजारी बनत राहिल्या.

शिवाय मुंडके, सांगाडा आणि लाकडी मेज या तीन वस्तूंचे वय एकच असते असे गृहीत धरता येत नाही. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची ‘उषा’ यंत्रे १९३० च्या दशकात सुरू झाली. त्यामुळे सिंगरच्या मुंडक्याखाली ‘उषा’ हे नाव ओतलेला सांगाडा आढळला, तर ती जोडणी त्यानंतरचीच ठरते. अशी जोडणी यंत्राचे मोल कमी करते असा समज आहे, पण मोडलेला सांगाडा बदलून शिलाई चालू ठेवणाऱ्या घराचा तो पुरावा असतो, आणि ‘मूळ रूप’ आणण्याच्या आग्रहापायी तो नाहीसा करणे योग्य नव्हे.

म्हैसूरच्या संदर्भात हा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो. कपडे शिवणे व रंगवणे हे परंपरागत व्यवसाय असलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या भावसार क्षत्रिय समाजाची या शहरात वस्ती आहे. महाराष्ट्रात जी खंडेनवमी, ती म्हैसूरच्या दसऱ्यातील आयुधपूजा. त्या दिवशी शिलाईयंत्रालाही हळदकुंकू लागते, फुले वाहिली जातात आणि दरवर्षीचा थर आधीच्या थरावर बसतो. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची क्रिया करून बनवतात, म्हणून ते अल्कधर्मी असू शकते. मुंडक्यावरील सोनेरी नक्षीला जर लाखेच्या रोगणाचे संरक्षण असेल, तर अल्क आणि स्पिरिट हे दोन्ही त्या रोगणाला विरघळवतात. ओल्या फडक्याने कुंकू पुसणे म्हणूनच धोक्याचे: पाण्यात भिजलेला चुन्याचा अंश नक्षीभर पसरतो. आधी छायाचित्र घ्यावे, मग कोरड्या मऊ कुंचल्याने नक्षीवरील थर झाडावा, आणि कोणतेही द्रव्य प्रथम मुंडक्याच्या तळाशी तपासावे. सांगाड्याच्या बिडावर, जिथे कुंकवाने अपाय होत नाही, तिथे तो थर घरच्यांना विचारून राहू द्यावा. तोही यंत्राच्या इतिहासाचाच भाग आहे.

यंत्र अडकलेले असले तरी चाकावर जोर करू नये. पुष्कळ घरांत मशीनच्या तेलाऐवजी खोबरेल घातलेले असते. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते आणि म्हैसूरच्या हिवाळ्यातील रात्री याहून थंड असतात. सुताचा कीस आणि धूळ त्यात मिसळून सांधे जड होतात. अशा वेळी प्रत्येक सांध्यात मशीनचे पातळ तेल सोडून ते दोन-चार दिवस मुरू द्यावे आणि चाक हाताने केसभर पुढेमागे हलवत राहावे. कुजलेला चामडी पट्टा बदलताना जुन्याचा तुकडा तारेच्या आकड्यासह पाकिटात जपावा.

या सर्वांतून एक साधी शिस्त सुचवता येते. काम संपल्यावर मेजाच्या खणात एक कार्ड ठेवावे आणि त्यावर क्रमांकावरून निघालेले वर्ष, सांगाड्याचा अंदाजे काळ, बदललेले भाग आणि दुरुस्तीची तारीख स्वतंत्रपणे लिहावी; अंदाज असेल तिथे ‘अंदाज’ असेच लिहावे. पन्नास वर्षांनी हेच यंत्र दुसऱ्या कारागिराच्या हाती येईल, तेव्हा आज चढवलेला रंग कदाचित उडालेला असेल. पण त्या कार्डामुळे आधीच्या हातांनी काय केले हे त्याला कळेल, आणि पुढची ओळ लिहिण्यासाठी जागाही मिळेल.