दुपारी तीनचा पडदा

इंग्लंडात वाढलेला खेळ इंग्लंडातल्या माणसाने घरी बसून पाहू नये, असा एक निर्बंध त्या देशात आहे, हे प्रथम ऐकणारास खरे वाटत नाही. फुटबॉलच्या मोसमात शनिवारी दुपारी पावणेतीनपासून सव्वापाचपर्यंत तेथे कोणताही सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखविता येत नाही. प्रीमियर लीगच्या वर्षाच्या ३८० सामन्यांपैकी, २०२५ साली सुरू झालेल्या करारान्वये, सुमारे २७० ब्रिटनमध्ये थेट दिसतात. उरलेले तीन वाजताच्या पडद्याआड! आणि मँचेस्टरच्या रहिवाशास न दिसणारा तोच सामना मुंबईतील गृहस्थ हिवाळ्यात रात्री साडेआठ वाजता, जेवणाचे ताट पुढे घेऊन, खुशाल पाहत असतो.

ह्या निर्बंधाचे मूळ १९६० नंतरच्या दशकात आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड ह्यांनी असे प्रतिपादिले की, मोठ्या क्लबांचे सामने घरी दिसू लागले तर लहान गावांतील क्रीडांगणे ओस पडतील. ही भीती आम्ही हास्यास्पद मानीत नाही. तिकिटांच्या पैशांवर जगणाऱ्या क्लबाच्या दृष्टीने ती रास्तच होती, आणि ॲक्रिंग्टनसारख्या गावच्या क्लबाविषयी आम्हांस आजही ममत्व वाटते.

परंतु ज्या वेळेचे रक्षण करावयाचे, ती वेळ रक्षणकर्त्यांनीच विकून खाल्ली, त्यास काय म्हणावे? चार वर्षांच्या करारापोटी प्रीमियर लीगने ६७० कोटी पौंड घेतले, आणि त्यासाठी सामने शनिवारी साडेबारास, सायंकाळी साडेपाचास, रविवारी, सोमवारी रात्री असे वाटेल तसे फेकले. न्यूकॅसलच्या चाहत्याने सोमवारी रात्री चारशे किलोमीटरांहून दूर लंडनात सामना पाहावा आणि मंगळवारी सकाळी कामावर हजर व्हावे, ही अपेक्षा करताना क्रीडांगणावरील गर्दीची काळजी कोणास आठवत नाही. ती आठवते केवळ तीन वाजता. जर्मनीत शनिवारी दुपारचे सामने वर्गणीदारांस थेट दिसतात. तरीही तेथील क्रीडांगणांवर युरोपात क्वचितच आढळणारी गर्दी लोटते.

निर्बंध अन्याय्य वाटला की लोक आडवाट शोधतात. पोर्ट्समथ येथील एका मद्यगृहाच्या चालिकेने ग्रीक कंपनीचे कार्ड आणून आपल्या गिऱ्हाइकांस सामने दाखविले, तेव्हा तिला दंड झाला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. परदेशी कार्डांवरील बंदी सेवांच्या मुक्त संचाराविरुद्ध आहे, असा निर्णय २०११ साली लागला, आणि पुढच्या वर्षी तिची शिक्षा रद्द झाली. पुढे ब्रिटननेच युरोपीय संघ सोडला, तेव्हा तो आधारही गेला. आज चोरट्या प्रक्षेपणाकडे वळणाऱ्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण दोन कंपन्यांची वर्गणी इमानाने भरूनही आपल्याच गावचा सामना ज्यास दिसत नाही, त्यास चोरीचा धडा कोणी दिला, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडीत नाही. ज्या वृद्धास पायऱ्या चढवत नाहीत, ज्या मजुरास तिकीट परवडत नाही, त्याच्या खोलीत पडदा टाकून ॲक्रिंग्टनच्या तिजोरीत एक पेनीही पडत नाही. पडदा उठवावा, त्या वेळेचे सामने दाखवून मिळणाऱ्या पैशातील ठरावीक हिस्सा खालच्या श्रेणींतील क्लबांस द्यावा, आणि तो करारातच लिहून घ्यावा.