मुक्त मार्ग कुणासाठी मुक्त?

मुंबईत मोटारींसाठी रस्ता काढताना तो कुणाच्या दारावरून जाणार, हे कोण ठरवतो? आमच्या धर्मापुरी, परळी, अंबाजोगाई भागातील वाचकांना हा प्रश्न लांबचा वाटेल. परंतु 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या अनेकांची घरे घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात आहेत. आज तेथे एक द्रुतगती मार्ग येऊन भिडला आहे.

या मार्गाची कथा जुनी आहे. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने 1962-63 मध्ये मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करून सिग्नल नसलेले जलद मार्ग सुचवले. ते कागद अर्धे शतक पडून राहिले. पश्चिमेला वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 मध्ये सुरू झाला. पूर्वेला एमएमआरडीएने बांधलेला पूर्व मुक्त मार्ग जून 2013 मध्ये खुला झाला आणि 2014 मध्ये घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंत पूर्ण झाला. लांबी सुमारे 17 किलोमीटर. या कामाला जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून केंद्राचा पैसाही मिळाला, म्हणजे तो सर्वांच्या कराचा पैसा. (आमच्या नगर-बीड-परळी रेल्वेला 1995 मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडपर्यंत गाडी आली 2025 मध्ये!)

नाव 'मुक्त मार्ग'. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. एमएमआरडीएच्याच 2008 च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात मुंबई महानगरातील निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात आणि उरलेल्यांत रेल्वे व बस यांचाच मोठा वाटा आहे, असे दिसले होते. आकडे हाती होते, तरीही आराखडा मोटारवाल्याचाच झाला. ही अभियंत्यांची चूक नाही. हिशेबात कुणाला धरायचे, हे त्यांच्या वर बसलेले ठरवतात.

आता हाच मार्ग छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत उन्नत स्वरूपात वाढवला जात आहे. त्याच्या आड घरे येतात, म्हणून एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून रमाबाई नगर व कामराज नगरचा पुनर्विकास करीत आहेत. 16 हजारांवर कुटुंबांचा प्रश्न आहे. पक्के घर मिळत असेल तर आमचा विरोध नाही. ज्या वस्तीने 11 जुलै 1997 रोजी याच महामार्गालगत गोळीबारात 10 माणसे गमावली, तिला हक्काचे घर मिळालेच पाहिजे. आक्षेप क्रमाला आहे. रेषा आधी आखली गेली, माणसांना नंतर विचारले गेले.

रेषा बदलता येत नाही, असे कुणी सांगू नये. याच मार्गावरील गुलाबी फुलांची झाडे वाचावीत, अशी मागणी झाली तेव्हा 2025 मध्ये एमएमआरडीएने खांबांच्या रचनेत बदल करण्याचे जाहीर केले. झाडे वाचली तर आनंदच आहे. पण झाडासाठी खांब सरकतो, मग पोटमाळ्यावर राहणाऱ्या भाडेकरूसाठी निदान नियम तरी का सरकू नये?

ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र त्याच निकालाने पदपथावरील झोपड्या हटवण्यास मुभाही दिली. म्हणून केवळ निकालाच्या भरवशावर राहून भागत नाही, कागद हाती लागतो. परिशिष्ट दोनमध्ये आपले नाव, क्षेत्रफळ आणि पुरावा कसा नोंदला आहे, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतः पाहावे. नाव अपात्र ठरले असेल तर मुदतीत अपील करावे. भाडे किती काळ मिळणार आणि इमारत रखडली तर पुढचे भाडे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. गावाकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे जुनी शिधापत्रिका, मतदार यादीचा उतारा किंवा वीजबिल पडले असेल, तर ते या आठवड्यातच मुंबईला पाठवावे.