खोलीचे भाडे आणि जमिनीचे मोल



आपल्या गावातून दरवर्षी कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी मुलगी शिकायला नवी मुंबईला जाते. वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर इथे इंजिनिअरिंगची, मेडिकलची, मॅनेजमेंटची कॉलेजे आहेत. फी कशीबशी भरली की खोलीचा प्रश्न उभा राहतो. टॉवरमधला फ्लॅट आपल्या आवाक्यातला नाही. मग चार पोरे मिळून गावठाणातल्या अरुंद गल्लीत एक खोली घेतात. कपाशीच्या चुकाऱ्यातले पैसे दरमहा तिथे जातात.

त्या खोलीचा मालक कोण? पुष्कळदा तोही शेतकऱ्याचाच पोरगा असतो, जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा. आणि ज्या घरात आपली मुले राहतात ते घर सरकारच्या कागदावर बेकायदा असते. असे का झाले, हे आपण समजून घेतले पाहिजे. उद्या आपल्याही शिवारात नकाशे येणार आहेत.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना १९६५ साली शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावे नकाशात आली. हिशेब साधा होता. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी करून शहराच्या भावाने विकायची, आणि त्या पैशावर पुढचे शहर उभे करायचे. म्हणजे नव्या शहराचे भांडवल निघाले ते शेतकऱ्याच्या सातबाऱ्यातून. भागीदार म्हणून मात्र त्याचे नाव कुठेच नव्हते.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आता एकराचा हिशेब मांडा. चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, सामाजिक सुविधांसाठी वजा. हाती राहिले साडेतीन गुंठे, तेही भाडेपट्ट्याने. कालचा मालक आज आपल्याच जमिनीचा भाडेकरू झाला!

घरांचेही तसेच. नकाशात गावठाणाची रेघ मारली गेली, पण गाव वाढले तशी ती रेघ पुढे सरकली नाही. पोरांची लग्ने झाली, नातवंडे आली, भात आणि मिठागरे गेल्यावर पोटाला दुसरा आधार उरला नाही. लोकांनी रेघेबाहेर घरे बांधली, मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या. ही ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. २०२२ साली सरकारने ती नियमित करण्याचा निर्णय काढला. त्यातही पैसे भरा आणि जागा भाडेपट्ट्याने घ्या, असेच आहे. दाटीवाटीत ड्रेनेज नाही, उजेड नाही, आगीचा बंब आत शिरत नाही. दोष बांधणाऱ्यावर टाकणे सोपे आहे. त्याच्या वाढीला जागाच न ठेवणाऱ्या नकाशाला कोण विचारणार?

पाण्याची गोष्टही ऐका. आगरी शेतकरी खाडीला बांध घालून भात काढत. बांधाला उघाडी असे. भरतीला ती मिटायची आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायची. शहराच्या इंजिनिअरांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केली, धारण तलाव बांधले. पण बांधाची डागडुजी गावकी करीत असे. तलावांत गाळ साचत गेला, त्यावर खारफुटी वाढली. खारफुटी भरतीचा जोर अडवते, तिला कायद्याचे संरक्षण हवेच. त्यामुळे आता गाळ काढायलाही कोर्टाची परवानगी लागते. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की सखल भागात पाणी भरते. तिकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावे उठवली. तिथे मात्र साडेबावीस टक्के द्यावे लागले. कारण एकच, लोक संघटित होते.

दुसरा रस्ताही आहे. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेवर एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि शहर स्वतःच वसवले. हडपसरची जागा मोक्याची होती, हे खरे. आपल्या कोरडवाहू रानाला तो भाव येणार नाही. पण शेतकऱ्याला नकाशा वाचता येत नाही, ही समजूत तिथे खोटी ठरली.

समृद्धी महामार्गाच्या कडेने नवनगरांची आखणी झाली आहे. शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक शहर उभे राहते आहे. म्हणून या बैठकीत प्रत्येक गावाने चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नकाशा मंजूर होण्याआधी गावठाण वाढवून मागा. परत मिळणारी जमीन मालकी हक्काने मागा. वाढणाऱ्या भावात हिस्सा मागा. आणि शेतकऱ्याच्या जमिनीवर सवलतीचा भूखंड घेणाऱ्या कॉलेजाला वसतिगृह बांधण्याची अट घाला.

उरणच्या शेतकऱ्याला हे शहाणपण पाच जीव देऊन मिळाले. आपल्याला ते फुकट मिळते आहे. फुकट मिळाले म्हणून वाया घालवू नका.