दहापट झूम की लांब पल्ल्याची लेन्स?

कॅमेऱ्याच्या खोक्यावर '१० एक्स' दिसलं की दहापट जवळचं दिसणार, असं आपण धरून चालतो. तसं नाही. लेन्सच्या सर्वांत लांब फोकल लेंथला सर्वांत आखूड फोकल लेंथने भागलं की हा आकडा येतो. २८ ते २८० म्हणजे १० एक्स, ७० ते ३०० म्हणजे जेमतेम ४ एक्स. आणि नुसती ३०० मिलिमीटरची टेलिफोटो असेल, तर तिला झूमच नाही!

हा हिशेब मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या गोटमारीत कामाला येतो. आपली कारहुण्णिमे ज्येष्ठात होऊन जाते. तिकडचा पोळा श्रावण अमावास्येला. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधून दगड! दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. हौशी माणूस मात्र फोटोत झेंडा बारीक दिसतो म्हणून मोबाइल घेऊन पुढे पुढे सरकतो. डिजिटल झूम त्याच्या कामाचा नाही; तो चित्राचा तुकडा कापून ताणतो, चेहऱ्यांचा लगदा होतो.

समजा, तुम्ही १०० मीटरवरच्या गच्चीवर आहात. २८-२८० च्या छोट्या कॅमेऱ्यात (हे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने) सुमारे १३ मीटर रुंदीचं दृश्य मावेल. साध्या डीएसएलआरवर ३०० ची लेन्स लावली तर सुमारे ८ मीटरचं. म्हणजे ४ एक्सवाली १० एक्सवर मात करते. शिवाय सेन्सर मोठा, त्यामुळे ढगाळ उजेडातही चित्र स्वच्छ. उडता दगड गोठवायचा तर शटर १/१००० हवं. स्वस्त लेन्स लांब टोकाला एफ ५.६ वर अडते, तेव्हा आयएसओ वाढवावाच लागतो.

एक गोम आहे. दुरून लांब लेन्सने काढलेल्या फोटोत दोन्ही काठ एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, गर्दी आहे त्याहून दाट वाटते. छापणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. आणि डोळा लेन्सला लावला की बाजूने येणारा दगड दिसत नाही, म्हणून गच्चीच बरी.

त्याच फेरीत सौंसरकडच्या संत्र्याच्या बागा बघणार असाल, तर तिथे लांब लेन्स पिशवीतच राहील. पोळ्याच्या सुमारास आंबिया बहाराची फळं हिरवीच असतात; झाडाखाली उभं कुटुंब आणि मागची रांग एकत्र घ्यायला २८ चं रुंद टोक लागतं. अशा सहलीला छोटा झूम कॅमेराच सोयीचा. गोटमारीसाठी ७०-३०० कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणावी.