बी.एड.साठी कर्ज काढण्याआधी

पदवीचा निकाल लागला की घरोघरी एकच सल्ला मिळतो: "बी.एड. करून टाक, वाया जात नाही." सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नसतं. 2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी, खोलीभाडं, मेस, पाठांचं साहित्य, छात्रसेवाकालात शाळेत जाण्या-येण्याचा खर्च असं सगळं धरलं की पुष्कळ घरांत विषय बँकेपर्यंत जातो. तिथे जाण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा, एवढंच सांगायचं आहे.

सगळ्यांना पाठ असतो तो माध्यमिक शिक्षकाचा पगार: मूळ वेतन 38,600 पासून पुढे, वर महागाई भत्ता. या आकड्याकडे बघून कर्ज काढू नका. तो मिळण्याआधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये मानधन आहे. त्याआधी ते अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 होतं. आणि हे झालं निवड झालेल्यांचं.

निवडीला किती काळ लागतो, ते पाहा. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता परीक्षा, आणि मग शासनाच्या पवित्र पोर्टलवरून भरती. पहिली टेट डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि दुसरी थेट 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरी 2025 च्या मे-जूनमध्ये. नोव्हेंबर 2021 ची टीईटी झाल्यावर पुढची नोव्हेंबर 2024 मध्ये आली. पहिल्या टेटच्याही आधी, मे 2012 पासून, शासनाने भरतीच थांबवली होती, डी.एड. झालेल्या एका अख्ख्या पिढीची उमेदीची वर्षं त्यात गेली.

बँक मात्र अशी थांबत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. 2018 मध्ये बी.एड. होऊन बाहेर पडलेल्या मुलीचा हप्ता 2019 मध्ये सुरू झाला असेल आणि टेटला बसायची संधी 2023 मध्ये आली. मधली चार वर्षं हप्ता कशातून भरायचा, हा खरा प्रश्न आहे. फीची चौकशी सगळे करतात, ही कुणी करत नाही.

समजा, दोन वर्षांत एक-एक लाख असं दोन लाखांचं कर्ज घेतलं, व्याज 11 टक्के. हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजाने 55,000 चढतात. 2,55,000 ची पाच वर्षांत फेड करायची तर महिन्याला साधारण 5,550 रुपये. शिक्षणसेवकाच्या 18,000 मधून ते ओढाताण करून निघतील. पण निवड होईपर्यंत बहुतेक जण विनाअनुदानित किंवा खासगी इंग्रजी शाळेत, अकॅडमीत, नाहीतर तासिका तत्त्वावर काम करतात. तिथे दहा हजार मिळत असले, तर त्यातले निम्म्याहून जास्त बँकेत गेले. काही ठिकाणी तर सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच.

म्हणून माझा ठोकताळा असा: तुमच्या तालुक्यात विनाअनुदानित शाळा नव्या शिक्षकाला खरोखर किती देते, ते आधी विचारा. मुख्याध्यापकांना विचारू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना विचारा. त्या पगाराच्या पाव भागात हप्ता बसला पाहिजे. दहा हजारांचा पाव भाग अडीच हजार. वरच्याच अटींवर त्यात साधारण 90,000 चं कर्ज बसतं. त्याहून जास्त लागत असेल तर ते महाविद्यालय तुमच्यासाठी नाही, मग इमारत कितीही चकचकीत असो.

स्वस्त वाटा आहेत. सीईटी या प्रवेश परीक्षेत चांगले गुण पडले तर शासकीय आणि अनुदानित अध्यापक महाविद्यालयांची दारं उघडतात, तिथली फी बरीच कमी. खासगी महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला तर पावती मागा. महाडीबीटीवरची कोणती शिष्यवृत्ती तुम्हाला लागू आहे, ते प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि घरात कुणी नुकतंच बारावी झालं असेल तर डी.एल.एड.चा (पूर्वीच्या डी.एड.चा) विचार करा. 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. लागतं. जिल्ह्याच्या 'डाएट'मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, ते कमी खर्चात होतं. पुढे नोकरी लागल्यावर सेवेत राहून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.एड. करता येतं, तेही स्वतःच्या पगारातून. "नॉन-अटेंडिंग करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवा.

आता नोकरीसाठी मागितलं जाणारं डोनेशन. संस्थेत जागा आहे, अमुक लाख द्या, वर्षभरात मान्यता आणतो, असं सांगणारे भेटतीलच. यासाठी शेत गहाण टाकू नका, आईचे दागिने बँकेत ठेवू नका, पतसंस्थेचं कर्ज काढू नका. या पैशाची पावती नसते, त्यामुळे दादही मागता येत नाही. पुढे वैयक्तिक मान्यता अडते, पगार निघायला लागणारा शालार्थ आयडी अडतो, संच मान्यतेत पदच उडतं. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. 2021 मध्ये टीईटीचे गुण पैसे घेऊन वाढवल्याचं उघडकीला आलं. त्यात हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. अशा पैशाने नोकरी मिळाली तरी ती किती दिवस टिकेल, याची हमी पैसे घेणारा देऊ शकत नाही.

कर्ज आधीच घेतलं असेल तर दोन गोष्टी करा. शिकत असतानाच दरमहा व्याजापुरती रक्कम भरत राहा. मुद्दल चढत नाही, आणि अनेक बँका त्यासाठी व्याजात एक टक्का सवलत देतात. (शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या आयकर सवलतीचं कौतुक ऐकाल, पण दहा हजार पगारावर मुळात आयकरच नसतो.) दुसरं, हप्ता जमत नाही असं दिसलं तर चुकायच्या आधी शाखेत जा. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. हप्ते थकले की त्यांचाही सिबिल खराब होतो आणि पुढच्या हंगामात त्यांच्या पीककर्जालाच अडचण येऊ शकते. परतफेडीची मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या, असा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घेऊनच बाहेर पडा.