काळ्या हातांची लाज कोणाला?

मागच्या महिन्यात बर्मिंगहॅममधल्या माझ्या घरासमोर मी गाडीच्या इंजिनावर ओणवा झालो होतो. हात कोपरापर्यंत तेलाने काळे. भेटायला आलेले एक नातेवाईक म्हणाले, "एवढं शिकलास आणि शेवटी गॅरेजवाल्याचंच काम करतोस?" सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

गाडी आहे माझदा एमएक्स-५. दोन माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. हे मॉडेल १९८९ मध्ये आलं, माझी गाडी त्याच पहिल्या पिढीतली. सकाळी तिच्याखाली तेलाचा डाग दिसू लागला. गॅरेजमध्ये नेली. खालून एकदा बॅटरी मारून सांगण्यात आलं, "इंजिनाचं मागचं मेन सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी विचारलं, सील गळताना पाहिलंत का? उत्तर आलं, "तेल तिथूनच टपकतंय ना!"

माझा वाद नेमका इथे आहे. तेल जिथून टपकतं तिथूनच गळतं असं नाही. ते उतार धरून खाली येतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. गळती वर कुठेही असो, थेंब बहुतेकदा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशीच लोंबतो. थेंब पाहून निदान करणं म्हणजे ओली भिंत पाहून पाया खोदायला घेणं. छप्पर कोणी बघायचं?

या गाडीचं तर हे जुनंच दुखणं आहे. तिचं इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतलं. तिथे ते आडवं बसायचं, इथे उभं बसवलं. त्यामुळे त्याची मागची बाजू केबिनच्या पत्र्याला जवळजवळ चिकटते. तिथेच, हेडच्या मागे, कॅम अँगल सेन्सर आहे आणि त्याला एक रबरी ओ-रिंग. तीस वर्षांच्या उष्णतेने ती कडक होते. तेल हेडच्या मागून ओघळतं आणि थेट गिअरबॉक्सच्या तोंडाशी उतरतं. दिसायला अगदी मेन सील गेल्यासारखं.

मी आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून पाहिला. तो तुंबला की इंजिनातला दाब वाढतो आणि चांगली सीलंही गळू लागतात. तो ठीक होता. मग इंजिन धुऊन कोरडं केलं, थोडी गाडी फिरवली आणि आरसा व बॅटरी घेऊन वरून खाली बघत गेलो. सेन्सरखाली ताजं तेल होतं. सेन्सर एका बोल्टवर असतो. पण तो फिरला की इग्निशनचं टायमिंग बदलतं, म्हणून आधी खूण केली, मगच काढला. रिंग बदलली आणि टायमिंग लाइट लावून टायमिंग तपासलं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही त्याच वेळी बदललं. त्याचे बोल्ट हलक्या हाताने आवळायचे असतात. जोर लावला तर गॅस्केट चेपतं आणि गळती वाढते. रिंगची किंमत इथल्या एका प्लेट बिर्याणीहून कमी. वेळ गेला एक रविवार.

सगळंच घरी करा असं माझं म्हणणं नाही. खरंच मेन सील गेलं असतं तर गाडी मी गॅरेजलाच दिली असती. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीच शिरू नये. पण निदान तरी आपण करू शकतो. आणि डाग पडत असेल तर "माझी गाडी, माझं तेल" म्हणून सोडूनही देता येत नाही. ते तेल पावसाबरोबर सगळ्यांच्याच गटारात जातं.

आता त्या नातेवाइकांकडे येतो. भारतात आपल्या पोरांना "पंक्चरवाला" म्हणून हिणवलं जातं. त्यावर आपण घाईघाईने काय उत्तर देतो? "आमच्यातही डॉक्टर, इंजिनियर आहेत." म्हणजे पंक्चर काढणं हलकं काम आहे, हे आपण मान्यच केलं! शिवी देणाऱ्याचा मुद्दा आपणच पक्का करून दिला. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवणारं काम हलकं कसं?

माझे अब्बा बोटीवर इंजिनरूममध्ये होते. रत्नागिरीच्या आमच्या गावातली कितीतरी घरं अशाच तेलकट हातांनी उभी राहिली. सुट्टीवर आले की पंप उघडताना ते म्हणायचे, "आधी पूस, मग बघ, मग बोल." गॅरेजने पुसलं नाही, बघितलं नाही, थेट बोललं. आमच्या नातेवाइकांनीही तेच केलं.

माणसाने तोंड काळं होऊ नये म्हणून जपावं. हात काळे झाले तर साबण आहे.