दार उघडं ठेवा



परवा बैठकीत एकजण उसळून म्हणाला, “दवाखाने, वकील, नाश्ता ही भिकार समाजसेवा आहे. आपलं काम लढायचं!” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना उत्तर म्हणून रेडफर्नची गोष्ट सांगतो.

२६ जानेवारी १७८८. इंग्रजांनी कैद्यांनी भरलेली गलबतं सिडनीच्या किनाऱ्याला लावली, झेंडा रोवला. जमीन कुणाचीच नव्हती असं पुढे कायद्यानंच ठरवून टाकलं. म्हणजे हजारो वर्षं तिथं नांदणारी माणसं माणसांत धरलीच नाहीत. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

माणसं गप्प बसली नाहीत. पेमुलवाय नावाच्या लढवय्यानं १७९० पासून गोऱ्यांच्या वसाहतींना सळो की पळो करून सोडलं. १७९७ मध्ये गोळ्या खाऊन पकडला गेला, तर पायातल्या बेडीसकट दवाखान्यातून निसटला. १८०२ मध्ये त्याला मारलं आणि मुंडकं इंग्लंडला धाडलं. ते आजतागायत सापडलेलं नाही.

१९७० च्या आसपास याच सिडनीच्या रेडफर्न वस्तीत पोलीस रात्री गुत्त्यांबाहेर गाड्या लावायचे आणि काळी माणसं आत कोंबायचे. गॅरी फोली, पॉल को ही विशीतली पोरं. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं त्यांनी वाचलेलं. ज्यांच्यावरून मुंबईत १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं, तेच. पोरांनी काय केलं? वही-पेन घेतलं. कुठले पोलीस, कुठली गाडी, कुणाला नेलं, सगळं टिपलं. कायद्याचे प्राध्यापक गाठले. १९७० मध्ये फुकट वकील देणारं केंद्र उभं राहिलं, १९७१ मध्ये दवाखाना. लहान पोरांना सकाळचा नाश्ता सुरू झाला. शर्ली स्मिथ ही बाई तुरुंगात कैद्यांना भेटायला जायची. “याची तू कोण?” असं अधिकारी विचारायचे. ती म्हणायची, “आई.” पुढे तेच तिचं नाव पडलं.

मग चळवळ थंड झाली? २६ जानेवारी १९७२ ला चौघांनी कॅनबेरात संसदेसमोर छत्री रोवली. आपल्याच देशात आपण परके, म्हणून ही आपली वकिलात! जुलैत पोलिसांनी तंबू उखडले, तेव्हा लाठ्या खायला रेडफर्नची पोरं पुढे होती. ज्याला वस्तीनं जेवू घातलं, तोच वस्तीसाठी उभा राहिला. २०२३ मध्ये आदिवासींच्या हक्काचं सार्वमत देशानं नाकारलं. सार्वमत हरलं, पण रेडफर्नचा दवाखाना चालू आहे.

आणि आपण? अटक झालेल्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, असं बाबासाहेबांच्या घटनेचं २२ वं कलम सांगतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कमाई कितीही असो, कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे. वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? रात्री पोरगं उचललं की आई नगरसेवकाच्या दारात जाऊन रडते. आपल्या शाखेकडे का येत नाही?

कारण आपल्या शाखेला बोर्ड आहे, आणि कुलूप आहे.

प्रत्येक शाखेत एक वही ठेवा. एक वकील, एक डॉक्टर आपलासा करा. पाळ्या लावा, रात्रीचं दार उघडं ठेवा. मग मोर्चाची हाक द्या. बघा किती येतात ते.

जय भीम!